‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’: खोट्या टेक सपोर्टला ओळखायचं कसं, टाळायचं कसं

ज्यांच्या हातात लॅपटॉप नुकताच आला आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. निवृत्तीनंतर हौसेने शिकायला बसलेले काका-काकू, मुलांच्या अभ्यासासाठी घरात पहिल्यांदा कॉम्प्युटर घेतलेले आईवडील, दुकानाची बिलं वहीतून कॉम्प्युटरवर नेणारे व्यापारी. कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही म्हणून घाबरू नका. इथलं काहीही करायला तांत्रिक ज्ञान लागत नाही.

या फसवणुकीचं सूत्र साधं आहे. आधी तुमचा कॉम्प्युटर बिघडला आहे असं तुम्हाला पटवायचं, मग दुरुस्त करणारा म्हणून स्वतःच पुढे यायचं. कॉम्प्युटर बिघडलेला नसतोच. म्हणून सगळ्यात आधी एक नियम पाठ करा: ज्याने भीती घातली, त्यानेच दिलेला नंबर फिरवायचा नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमातून निघतात.

ही माणसं तुमच्यापर्यंत पोचतात कशी

तीन वाटा आहेत.

पहिली, स्क्रीनवरचा इशारा. तुम्ही एखाद्या साइटवर फुकट क्रिकेट सामना किंवा सिनेमा बघत असता, किंवा साइटचा पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकतं, आणि अचानक सगळी स्क्रीन भरून लाल-निळं पान उघडतं. वर विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचा चार रंगी चौकोन, खाली ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असा मजकूर. सोबत भोंगा, नाहीतर एका बाईचा यांत्रिक आवाज तेच तेच सांगत राहतो. माउस हलत नाही असं वाटतं.

दुसरी वाट, सरळ फोन. ‘विंडोजच्या टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरवरून आमच्या सर्व्हरला एरर येत आहेत.’ अमेरिका-ब्रिटनमध्ये असे फोन बरीच वर्षं येत आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने) अशा टोळ्यांविरुद्ध एकदम सहा खटले भरले होते, आणि त्यातल्या बहुतेकांचे धागे भारतात निघाले. मुलाकडे किंवा मुलीकडे न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला राहायला गेलेल्या आईवडिलांनी हे खास ध्यानात ठेवावं. दिवसभर घरात एकटं असताना फोन येतो आणि पलीकडचा माणूस चक्क हिंदीत बोलायला लागतो. आपला माणूस भेटला म्हणून तिथेच विश्वास बसतो.

तिसरी वाट आपल्याकडे बरीच चालते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्रिंटर चालत नाही, अँटीव्हायरसची मुदत संपली, ब्रॉडबँड बंद पडलं, म्हणून आपणच गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. वरच जो नंबर दिसतो तो जाहिरात देऊन किंवा एखादं नकली पान बनवून ठगांनी तिथे ठेवलेला असू शकतो. फोन आपण केलेला असतो, त्यामुळे संशयही येत नाही. शोधनिकालात ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं असेल तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. तिथला नंबर घेऊ नका.

स्क्रीन अडकली तर: आधी हात थांबवा, मग पान बंद करा

तो भयंकर इशारा म्हणजे फक्त एक वेबपेज असतं. ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरची पानं दाखवणारा क्रोम किंवा एजसारखा प्रोग्राम, त्याने पूर्ण स्क्रीनभर पसरवलेला असतो, म्हणून खालची पट्टी आणि वरचं बंद करायचं फुलीचं बटण दिसत नाही. काही पानं तर माउसचा खरा बाण लपवून त्याजागी न हलणाऱ्या बाणाचं चित्र दाखवतात. कॉम्प्युटर लॉक झालेला नसतो.

१. पहिलं काम, आवाज बंद करा. कीबोर्डवर स्पीकरचं चित्र असलेलं बटण असतं. भोंगा थांबला की निम्मी भीती जाते आणि डोकं चालायला लागतं.

२. कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पूर्ण स्क्रीन सुटते. नाही सुटली तर एफ ११ दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफची बटणं चालायला सोबत एफएन बटण दाबावं लागतं.

३. मग आल्ट आणि एफ ४ एकत्र. ब्राउझर बंद होतो.

४. तरीही हटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत क्रोम, एज किंवा तुमचा जो ब्राउझर असेल त्यावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा.

५. काहीच जमलं नाही तर पॉवरचं बटण लॅपटॉप बंद होईपर्यंत दाबून धरा. एरवी असं बंद करू नये, पण अशा वेळी काही बिघडत नाही. न साठवलेलं काम मात्र जाऊ शकतं.

ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो विचारेल, आधीची पानं परत उघडू का? ‘रिस्टोअर’ला नाही म्हणा. होय म्हटलंत तर तेच लाल पान पुन्हा समोर येईल.

त्या पानावरचं कुठलंही बटण दाबू नका, ‘कॅन्सल’ किंवा ‘क्लोज’ लिहिलेलं सुद्धा नाही. ती बटणं ठगांनीच काढलेली असतात.

नुसतं पान दिसलं आणि तुम्ही ते बंद केलंत, कुठे काही डाउनलोड केलं नाही, फोन केला नाही, तर सहसा काहीच नुकसान झालेलं नसतं. मनाच्या समाधानासाठी विंडोजमधलं ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून एक क्विक स्कॅन करून घ्या.

एक छोटी भर. रोज स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’ अशा चिठ्ठ्या येत असतील, तर बहुतेक वेळा कधीतरी एखाद्या साइटने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी साइट काढून टाका. चिठ्ठ्या थांबतात.

खरी सूचना आणि खोटी सूचना

विंडोज स्वतः व्हायरसची सूचना देतं, नाही असं नाही. पण ती शांतपणे कोपऱ्यात येते, क्लिक केल्यावर विंडोज सिक्युरिटीचं पान उघडतं, आणि तिथे काय करायचं ते लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने वारंवार स्पष्ट केलं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, आणि आपण मागितल्याशिवाय ते कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी कुणाला फोन करत नाहीत. तेव्हा इशाऱ्यात नंबर दिसला की निकाल लागला, तो खोटा. स्पेलिंग तपासत बसू नका. हल्लीच्या खोट्या पानांवरची इंग्रजी अगदी चोख असते, आणि ‘चुका असतील तर खोटं’ हा जुना सल्ला आता धोक्याचा झाला आहे.

फोनवर ते काय ‘पुरावा’ दाखवतात

हा भाग सावकाश वाचा, आणि जमलं तर लॅपटॉप उघडून सोबत करून बघा. लोक नंबर फिरवतात ते घाबरून, पण पैसे देतात ते या पुराव्यामुळे.

स्टार्टच्या बटणावर क्लिक करून शोधायच्या जागी इव्हेंट व्ह्यूअर असं इंग्रजीत टाइप करा आणि ते उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्याखाली ‘सिस्टिम’ आणि ‘ॲप्लिकेशन’ आहे. त्यातलं कुठलंही एक निवडा. लांबलचक यादी येईल आणि त्यात जागोजागी लाल गोळ्यात ‘एरर’ आणि पिवळ्या त्रिकोणात ‘वॉर्निंग’ दिसेल. धडधाकट, कालच विकत घेतलेल्या लॅपटॉपवरही दिसेल. विंडोज स्वतःच्या कामाची बारीकसारीक नोंद इथे ठेवतं: अमुक सेवा सुरू व्हायला वेळ लागला, तमुक उपकरणाने उत्तर दिलं नाही, इंटरनेट क्षणभर गेलं. त्या नोंदींचा व्हायरसशी काही संबंध नसतो.

फोनवरचा माणूस तुमच्याकडून हेच उघडून घेतो. ‘मॅडम, लाल किती दिसतात मोजा बरं.’ तुम्ही मोजायला लागता. वीस झाले, तीस झाले, यादी संपत नाही. ‘बघा, हे सगळे हॅकर आहेत.’ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणणार? म्हणून आजच, काही बिघडलेलं नसताना, ही यादी एकदा शांतपणे बघून ठेवा. नंतर कुणी दाखवली तर ती ओळखीची वाटेल.

दुसरा पुरावा याहून चलाख आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडून तिथे एक आज्ञा टाइप करायला लावतात आणि एक लांब नंबर दाखवतात, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास ओळख क्रमांक आहे, आमच्याकडेही नोंद आहे, मी वाचून दाखवतो.’ आणि तो अगदी बरोबर वाचतो. हा आकडा विंडोजमधल्या एका अंतर्गत भागाचा आहे आणि तुमच्या, माझ्या, शेजाऱ्याच्या, सगळ्यांच्या विंडोजमध्ये तोच असतो. फोनवरच्या माणसाला तुमच्याबद्दल काहीही ठाऊक नसतं.

असेच काळ्या खिडकीत भराभर सरकणाऱ्या फाइलींची यादी दाखवून ‘हे स्कॅनिंग चालू आहे’ म्हणतात, आणि शेवटी स्वतःच तिथे इंग्रजीत ‘व्हायरस सापडला’ असं टाइप करतात.

खरा धोका: तुमची स्क्रीन त्यांच्या हाती जाते ती घडी

पुरावा पटला की पुढची मागणी येते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर यांपैकी काहीतरी डाउनलोड करा आणि त्यावर दिसणारा नंबर सांगा. विंडोजमध्ये आधीपासून असलेलं ‘क्विक असिस्ट’ही वापरतात, त्यात कोड ते तुम्हाला देतात आणि तुम्ही तो टाकायचा असतो. ही सॉफ्टवेअरं मुळात चांगल्या कामाची आहेत. ऑफिसचे आयटीवाले रोज वापरतात. पण तो नंबर सांगून ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते आणि तुमचा माउसही त्याला चालवता येतो. तुमची फाइल उघडणं, पासवर्ड बघणं, मागे काही बसवून ठेवणं, सगळं शक्य होतं.

मोबाइलवर हे आणखी घातक आहे, कारण ओटीपीचे मेसेज त्याच स्क्रीनवर येतात. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण स्क्रीन शेअर केली असेल तर सांगावा लागतच नाही, तो वाचता येतो. एनीडेस्कच्या आडून यूपीआय खात्यातले पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन शेअर करता येते, तिथेही हाच धोका. आणि कुणी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (जी उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसतं) पाठवून ‘हे सपोर्टचं ॲप टाका’ म्हणालं तर ती उघडूच नका.

एक सोपा निकष सांगतो. ज्या माणसाला तुम्ही घरात बोलावून कपाटाची किल्ली दिली नसती, त्याला स्क्रीन द्यायची नाही.

पैसे ‘परत’ करणारा फोन

याच टोळ्यांचा दुसरा खेळ. ‘तुम्ही घेतलेला सपोर्ट प्लॅन बंद झाला, तुमचे पैसे परत करायचे आहेत.’ स्क्रीन घेतात, तुम्हाला बँकेत लॉगिन करायला लावतात, आणि मग तुमचं लक्ष नसताना ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पानावरचा आकडा बदलतात. कुठल्याही वेबपेजवरचा मजकूर आपल्या स्क्रीनपुरता बदलता येतो, बँकेतली शिल्लक त्याने बदलत नाही. पाच हजारांऐवजी पन्नास हजार जमा झालेले दिसतात आणि पलीकडचा माणूस रडकुंडीला येतो: ‘सर, माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत पाठवा.’ प्रामाणिक माणूस लगेच परत पाठवतो, स्वतःच्याच पैशातून. इथे भीतीऐवजी सज्जनपणाचा फायदा घेतला जातो. मला या प्रकारातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

अशा वेळी फोन ठेवा, ब्राउझर बंद करा, आणि दुसऱ्या उपकरणावरून किंवा बँकेच्या शाखेत जाऊन शिल्लक बघा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही पक्कं धरा. परदेशात ठग गिफ्ट कार्ड विकत आणून त्यावरचे आकडे वाचायला सांगतात. कुठलीही खरी कंपनी दुरुस्तीचे पैसे गिफ्ट कार्डात घेत नाही.

मदत खरोखर हवी असेल तर

लॅपटॉप बिघडतो, प्रिंटर अडतो, तेव्हा नंबर लागतोच. तो शोधायच्या जागा ठरवून ठेवा. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचं स्टिकर, खोकं, वॉरंटी कार्ड, दुकानाचं बिल. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांच्या संकेतस्थळांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट ठरवून दिला आहे आणि त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. बँकेच्या साइटचा पत्ता याने संपतो का, ते आधी बघा. आणि ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला त्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला प्रत्यक्ष बोलावणं हा माझ्या मते नवख्या माणसासाठी अजूनही सगळ्यात चांगला उपाय आहे.

हे चार-पाच नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कॉम्प्युटरच्या टेबलाशी चिकटवा. घाबरलेल्या क्षणी गूगल उघडायची वेळच येऊ नये.

व्हायरस काढायला पैसे द्यावे लागतात असंही नाही. विंडोजमधलं डिफेंडर हे अँटीव्हायरस फुकट आहे, आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात.

स्क्रीन दिली, पैसे गेले: आता काय?

लाज बाजूला ठेवा. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं यात फसली आहेत, आणि या धंद्यामागे पगारी कॉल सेंटरं असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र २’ खाली देशभर छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेले खोट्या टेक सपोर्टचे गुन्हेही होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरं पकडली. तिथून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याच्या नावाने धमकावलं जात होतं. लिहून दिलेला संवाद आणि दिवसभर तेच काम करणारी माणसं तुमच्यासमोर होती. आता पुढचं याच क्रमाने करा.

१. इंटरनेट तोडा. वायफायच्या राउटरचा प्लग काढा किंवा लॅपटॉप पॉवर बटण दाबून बंद करा. मोबाइलवर स्क्रीन दिली असेल तर फ्लाइट मोड लावा. फोन चालू असेल तर काही न बोलता ठेवून द्या.

२. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय, सगळं थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

३. लगेच १९३० वर फोन. ही आर्थिक सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे कुठल्या खात्यात गेले ते बघून त्या बँकेला ते अडवायला कळवलं जातं, पण पैसे पुढे सरकायच्या आत. म्हणून तास नव्हे, मिनिटं महत्त्वाची. हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, तुमची बँक, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक १२ आकडी असतो आणि बँकेच्या मेसेजमध्ये सापडतो. लाइन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार करा.

४. दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदला. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात. मग बँकेचे. ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) सुरू करा.

५. पुरावा जपा. नंबर, कॉलची यादी, मेसेज, पावत्या यातलं काही पुसू नका. स्क्रीनचे मोबाइलने फोटो काढा. पोलिसांत तक्रार देताना हे लागतं. तोतयेगिरी करून कॉम्प्युटरद्वारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

६. त्यानंतर लॅपटॉप. सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीतून त्यांनी बसवलेलं सगळं काढा. विंडोज सिक्युरिटीत स्कॅनचे पर्याय उघडून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर स्वतः बंद-चालू होऊन तपासणी करतो. त्यांनी बराच वेळ स्क्रीन वापरली असेल तर फोटो आणि कागदपत्रं काढून घेऊन ओळखीच्या माणसाकडून विंडोज नव्याने टाकून घ्या. मी तर नव्यानेच टाका म्हणेन, कारण मागे काय ठेवलं आहे याची खात्री नवख्या माणसाला होत नाही.

बँकेला उशिरा कळवू नका, याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः माहिती देऊन नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

घरच्यांसाठी आणि दुसऱ्या फोनसाठी

आईबाबांनी घाबरत सांगितलं की ‘एक फोन आला होता, मी काहीतरी दाबलं’, तर ओरडू नका. ‘तुम्हाला किती वेळा सांगितलं’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं त्या घरात पुढच्या वेळी कुणी सांगत नाही, आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं. आधी १९३०, बाकीचं बोलणं नंतर.

एकदा फसलेल्याचा नंबर पुढे दुसऱ्या ठगांना विकला जाऊ शकतो. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा.’ किंवा एखादा ‘रिकव्हरी एजंट’, वकील, बँकेचा अधिकारी. त्याला तुमची रक्कम, तारीख सगळं ठाऊक असतं, म्हणून तो खरा वाटतो. पैसे परत मिळवायला पोलीस किंवा बँक फोनवर फी मागत नाहीत. तुमच्या तक्रारीचा क्रमांक घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात जा आणि तिथेच चौकशी करा.